उशाशी ठेवलेला खून

आजचा धागा वरवर पाहता क्षुल्लक विषयावरचा आहे. दिवसभराची दगदग आटोपून अंथरुणावर पडल्यावर, डोळा लागण्यापूर्वी, माणसे खुनाची गोष्ट का वाचत असत? पाचव्या पानावर मुडदा पडतो अशी गोष्ट वाचून झोप उडायला हवी. प्रत्यक्षात पुण्याच्या पेठांमध्ये किमान दोन पिढ्यांनी अशाच गोष्टींच्या संगतीत जांभया दिल्या, पुस्तक छातीवर पालथे ठेवले आणि दिवा मालवला.

लढाया, तह आणि सनदा यांविषयी आपण पुष्कळ वाचतो. निजण्यापूर्वीच्या तासाचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही, कारण त्याची साधने फार थोडी आहेत. ‘गीतारहस्य वाचावयास घेतले’ असे माणूस रोजनिशीत अभिमानाने नोंदवील. ‘रात्री झुंजारची गोष्ट संपवली’ असे लिहिणारा विरळा. त्यामुळे पुस्तकालाच साक्षीदार करावे लागते. त्याची जाडी किती, नायकाचे नाव काय, गोष्टीत न्याय कोण करतो, आणि ते पुस्तक घरात आले कुठून? या चार प्रश्नांच्या आधाराने पुढे जाऊ.

रात्र आणि कोडे यांचे नाते मराठीत छापखान्याहून जुने आहे. वेताळपंचविशी आठवा. काळोखी रात्र, स्मशान, राजाच्या खांद्यावर प्रेत, आणि त्या प्रेतातला वेताळ गोष्ट सांगून शेवटी विचारतो की यात दोष कोणाचा? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोके फुटणार, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. गुन्हा, पेच, निवाडा आणि उद्याच्या गोष्टीची सोय, असे सारे काही त्यात आहे. शुकबहात्तरीतला पोपटही मालकिणीला घराबाहेर पडू न देण्यासाठी रात्रीमागून रात्र गोष्टी रचतो.

गंमत अशी की मराठी गद्य छापले जाऊ लागले तेव्हा रात्रीची ही सामग्री दिवसाच्या कामाला जुंपली गेली. सिंहासनबत्तिशी १८१४ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापली गेली, ती भाषा शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची वेताळपंचविशी १८३० ची. तिचा काळ शालेय पुस्तके तयार करण्याच्या धडपडीचा. वेताळ शाळेत जाऊन बसला. केवळ रंजनासाठी वाचण्याला मराठीत उजळ माथ्याने उभे राहायला पुढची साठेक वर्षे लागली, आणि ती गोष्ट घडली पुण्यात.

१८९० साली हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. नावाकडे नीट पाहा. ‘केसरी’, ‘सुधारक’, ‘निबंधमाला’ अशी नावे ज्या शहराने दिली, त्याच शहरात एका पत्राने आपण मन रमवण्यासाठी निघतो आहोत असे कपाळावरच लिहून घेतले. आपटे आनंदाश्रमाचे व्यवस्थापक होते. संस्कृत पोथ्यांचे जतन करणाऱ्या संस्थेचा कारभार पाहणारा हा माणूस दर आठवड्याला कुटुंबासाठी कथा, कादंबरीची प्रकरणे आणि हलकीफुलकी माहिती जुळवत होता. ‘पण लक्षात कोण घेतो!’ हीसुद्धा त्याच पत्रातून क्रमशः आली. तिच्याशी आज आपण केवळ सामाजिक सुधारणेचा संबंध जोडतो, परंतु मूळ वाचकाने ती तुकड्यातुकड्याने, पुढे काय होणार या हुरहुरीत वाचली होती. जिथे घरात एकच कंदील असे, तिथे एकाने मोठ्याने वाचावे आणि इतरांनी ऐकावे हेच सोयीचे होते.

राजवाड्यांचे नाव या धाग्यात यावे याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. दप्तरे आणि ताम्रपट धुंडाळणाऱ्या संशोधकाला तत्कालीन कादंबऱ्यांचा विचार करणे आपल्या प्रतिष्ठेला बाधक वाटले नाही. हे धैर्य पुढच्या अनेक अभ्यासकांकडे उरले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच सुमारास गोविंद नारायण दातारशास्त्री लिहू लागले. व्यवसायाने वैद्य, संस्कृतचे जाणकार, आणि कादंबऱ्या मात्र भुयारे, गुप्त दरवाजे, वेषांतरे आणि वारसाहक्काची कारस्थाने यांनी भरलेल्या. इंग्रजीतील रेनॉल्ड्स हा त्यांचा मोठा आधार. ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ लिहिणाऱ्या या लेखकाला इंग्लंडच्या वाङ्मयेतिहासाने फारशी किंमत दिली नाही. हिंदुस्थानात मात्र तो डिकन्सच्या तोडीने, कधीकधी त्याहूनही अधिक वाचला गेला. दातारांनी त्याच्या कथानकांना असे मराठी कपडे शिवले की ती परकी वाटेनात. ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘बंधुद्वेष’ ही नावे जुन्या घरांतील वृद्धांना अजून आठवतात. लक्षात घ्या, यांत रहस्य भरपूर आहे, पण पद्धतशीर तपास करणारा गुप्तहेर हे केंद्र नाही. तोपर्यंत इंग्रजीत शेरलॉक होम्स अवतरला होता (१८८७), आणि त्याच्याही आधी पो याने १८४१ मध्ये पॅरिसच्या एका खुनाचा उलगडा केवळ तर्काने करून दाखवला होता.

मग पुण्याला आपला गुप्तहेर इतक्या उशिरा का मिळाला? इथे मी एक तर्क मांडतो. तो तर्कच आहे, सिद्धांत नव्हे.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेगच्या बंदोबस्तातील घरझडत्यांनी शहर आधीच संतापलेले होते. त्यानंतर पुण्याने खराखुरा तपास पाहिला. बक्षिसे जाहीर झाली, खबरे फिरले, अटका झाल्या. दामोदर चापेकरांना एप्रिल १८९८ मध्ये येरवड्यात फाशी झाली, आणि पोलिसांना माहिती पुरवणाऱ्या द्रविड बंधूंना फेब्रुवारी १८९९ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. ज्या शहराच्या स्मृतीत ‘गुप्त पोलिस’ म्हणजे दाराशी कान लावून बसणारा सरकारी माणूस आणि ‘उलगडा’ म्हणजे फितुरी, त्या शहराच्या वाचकाने पोलिसी गुप्तहेराला नायक म्हणून सहजी उराशी धरावे तरी कसे? लंडनचा मध्यमवर्गीय वाचक निश्चिंत होता, कारण स्कॉटलंड यार्ड कितीही मंदबुद्धी दाखवले तरी शेवटी त्याचेच होते.

हा धागा मनात ठेवून बाबूराव अर्नाळकरांकडे या. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, वास्तव्य मुंबईत. १९३० च्या दशकात त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि १९८० च्या दशकापर्यंत हजाराहून अधिक रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. गिनीज बुकाने त्यांच्या या विक्रमाची दखल घेतली. साधा हिशेब करा. पन्नास वर्षांत हजार पुस्तके म्हणजे वर्षाला वीस, म्हणजे दर अडीच आठवड्यांना एक. रोज रात्री एक याप्रमाणे वाचणाऱ्यालाही सारी संपवायला पावणेतीन वर्षे लागतील.

त्यांचे नायक पाहा. धनंजय हा खाजगी गुप्तहेर आणि छोटू त्याचा साहाय्यक. झुंजार हा कायद्याच्या चौकटीबाहेर उभा राहून दुर्जनांना लुटणारा आणि दुबळ्यांच्या बाजूने लढणारा साहसवीर. काळा पहाड हाही बुरख्याआडचा, पोलिसांना हुलकावण्या देणारा. सेक्स्टन ब्लेक, सेंट, ब्लॅकशर्ट या इंग्रजी नायकांची सावली त्यांच्यावर पडली आहे हे जाणकार वाचक तेव्हाही ओळखत असत. मला महत्त्वाची वाटते ती निवड. इंग्रजीत पोलिस निरीक्षकांच्या कथाही ढीगभर होत्या. मराठी वाचकाने जीव लावला तो मात्र सरकारी पट्टा न घातलेल्यांना. १९३० आणि १९४० च्या दशकांत ज्याच्या गल्लीत प्रभातफेऱ्या आणि लाठीमार रोजचे होते, त्याला पोलिसांच्या हातावर तुरी देणारा नायक झोपेच्या आधी फार सुखावह वाटला असणार.

जाता जाता, ‘काळा पहाड’ हे नाव इतिहासप्रेमींना अन्यत्रही भेटले असेल. सोळाव्या शतकात बंगालच्या सुलतानाचा एक सेनापती याच नावाने ओळखला जाई, आणि १५६८ च्या ओडिशावरील स्वारीशी व पुरीच्या देवालयावरील हल्ल्याशी त्याचे नाव जोडलेले आहे. तेच नाव मराठी मुलांच्या उशाशी एका लाडक्या साहसवीराचे होऊन बसले. नावांचे दैव असे विचित्र असते.

नावांचा आणखी एक पदर आहे. झुंजार. आणि १९७० नंतर धडाक्याने लिहू लागलेल्या गुरुनाथ नाईकांच्या मालिका: ‘शिलेदार’, ‘गोलंदाज’. हा शब्दसंग्रह बखरींचा आहे. पिस्तूल, टेलिफोन आणि मोटारगाड्या असलेल्या या कथांना नाव देताना लेखक-प्रकाशकांना अठराव्या शतकातील लष्करी पेशे आठवले, कारण मराठी वाचकाच्या मनात पराक्रमाची पाटी तिथेच कोरलेली होती. ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकथा यांना आपण वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो. त्या काळच्या मुलाच्या उशाखाली दोन्ही एकत्रच असत.

आता जाडीकडे वळू. माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा हाच. या पुस्तकांची पाने साधारण शंभराच्या आगेमागे. सराईत वाचकाला दीड-दोन तास. म्हणजे रात्रीची जेवणे आटोपून अंथरुणे पडल्यावर सुरू केलेली गोष्ट त्याच रात्री संपावी असा तिचा बेत असे. ही लांबी लेखकाच्या लहरीने ठरलेली नव्हती. तिच्यामागे कागदाचा भाव होता, महिन्याच्या महिन्याला नवे काही देण्याची प्रकाशकाची गरज होती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये होती.

पुण्यात सार्वजनिक ग्रंथालयाची परंपरा मोठी. पुणे नगर वाचन मंदिराचा आरंभ १८४८ चा, ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने. परंतु रहस्यकथेचे खरे घर म्हणजे पेठेतली सर्क्युलेटिंग लायब्ररी. एखाद्या वाड्याच्या दर्शनी खोलीत किंवा जिन्याखाली दोन-तीन कपाटे, एक टेबल, वर्गणीची वही आणि चष्मा नाकावर आणून नव्या सभासदाला न्याहाळणारे मालक. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची किंवा दिवसावर भाडे मोजायचे. दिवसावर भाडे असले की वाचनाचा वेग आपोआप ठरतो. संध्याकाळी आणलेले पुस्तक रात्रीत संपवून सकाळी परत केले तर एका दिवसाचेच पैसे पडतात. पुणेकर हा हिशेब चुकवणे शक्यच नव्हते.

या व्यवस्थेने पुस्तकाचे शरीरही बदलले. खाकी कागदाचे कव्हर, कण्यावर शिवलेला जाड दोरा, ठरावीक पानांवर वाचनालयाचा शिक्का. आणि हमखास गहाळ असणारी शेवटची पाने! त्याहून दुष्ट प्रकार म्हणजे आधीच्या वाचकाने समासात पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवणे. या मंडळींना कोणत्याही कायद्याने शिक्षा झाल्याचे ऐकिवात नाही.

रात्रीच्या वाचनाला घरातून विरोध असे तो नैतिक कारणापेक्षा दिव्यापायी. वाड्यातल्या एका-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पाच-सात माणसे ओळीने झोपत. एकाचा दिवा जळत राहिला की सर्वांच्या डोळ्यांवर उजेड, आणि महिनाअखेरीस विजेचे बिल. ‘मालव तो दिवा’ हे वाक्य मराठी वाचनसंस्कृतीच्या इतिहासात नोंदवण्याजोगे आहे. पांघरुणात बॅटरी घेऊन वाचण्याची विद्या यातूनच जन्मली. पुण्यात झोपेची वेळ दिवसातून दोनदा येते हेही विसरू नये. दुपारी एक ते चारच्या वामकुक्षीपूर्वीही रहस्यकथेची दहा-वीस पाने उरकत. स्वयंपाकघर आवरून आडव्या झालेल्या गृहिणींच्या हाती त्या वेळी काय असे, याचा शोध घेतला तर ‘स्त्रियांचे वाचन’ या विषयावरील आपल्या अनेक सोज्ज्वळ समजुती बदलतील.

पहिला प्रश्न राहिलाच: खुनाच्या गोष्टीने झोप कशी येते? इंग्रज कवी ऑडेन याने १९४८ च्या एका निबंधात स्वतःच्या या व्यसनाची कबुली दिली आहे. गोष्ट हाती आली की संपेपर्यंत खाली ठेववत नाही आणि संपली की ती विसरून जातो, पुन्हा वाचावीशी वाटत नाही, असा त्याचा अनुभव. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना, आश्रयस्थानांच्या तोंडाशी लोकांसाठी वाचनालये उघडली गेली आणि तिथे मागणी होती ती गुप्तहेरकथांची. अमेरिकन अभ्यासक हॉवर्ड हेक्राफ्ट याने १९४१ च्या आपल्या ग्रंथात हे नमूद केले आहे. डोक्यावर खरा मृत्यू घिरट्या घालत असताना लोक कागदावरचा मृत्यू मागत होते. कागदावरच्या मृत्यूला कारण असते, कर्ता असतो आणि शंभराव्या पानापर्यंत त्याचा निकाल लागतो. टंचाई, रेशनिंग, नोकरीची विवंचना या दिवसाच्या पेचांना असा निकाल कधीच नसतो. ज्याचा दिवस अर्धवट राहिला आहे, त्याला निजण्यापूर्वी एक तरी प्रकरण पूर्णपणे मिटलेले हवे असते.

१९७० च्या दशकात पुण्याने स्वतःचे लेखकही दिले. सुहास शिरवळकर आज ‘दुनियादारी’मुळे ओळखले जातात, २०१३ च्या चित्रपटाने ती ओळख आणखी पक्की केली. पण त्याआधीचे शिरवळकर मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांचे होते. त्यांच्या तरुण वाचकाला महाविद्यालयीन प्रेमभंगही रहस्यकथेच्या वेगाने वाचायची सवय त्यांनीच लावली. नारायण धारपांनी रात्रीला भयाकडे नेले, आणि त्यांचे पुस्तक मिटून दिवा मालवणे ही वेगळीच परीक्षा होती. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे विद्याभवनात दाखल केला आणि पुण्याच्या रस्त्यांवर सायकलवरून पिटाळला. गुरुनाथ नाईकांचे निधन २०२१ मध्ये पुण्यातच झाले. त्यांच्या नावावरही हजाराहून अधिक पुस्तके आहेत.

बंगालशी तुलना केली की खंत वाटते. तिकडे ब्योमकेश (१९३२) आणि फेलूदा (१९६५) हे अभिमानाचे विषय आहेत; सत्यजित राय यांनी स्वतः गुप्तहेरकथा लिहिल्याने त्या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली. मराठीत झुंजार लोकप्रिय झाला, पण शिष्टांच्या दिवाणखान्यात त्याला बसायला कोणी खुर्ची दिली नाही. वाङ्मयेतिहासाच्या ज्या पुस्तकांवर आम्ही परीक्षा देतो, त्यांत या हजारो पुस्तकांच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. ‘हलके’ हा शब्द आपण वजनासाठी वापरतो की जातीसाठी, असा प्रश्न तेव्हा पडतो.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, पुण्यात ते पुढच्या वर्षी दिसू लागले, आणि रात्रीचा तास हळूहळू पडद्याने घेतला. १९९८ पासून ‘सीआयडी’ने तपासाची भूक घरबसल्या भागवली. वाचनालयांची कपाटे रद्दीत गेली. आज तीच रहस्यकथा ऑडिओबुकच्या रूपाने कानांत येते, आणि अॅपमध्ये ‘स्लीप टायमर’ असतो. श्रोत्याला झोप लागणार हे त्यात आधीच गृहीत धरलेले आहे. एकाने वाचावे, दुसऱ्याने ऐकावे, ही ‘करमणूक’च्या कंदिलाभोवतीची पद्धत अशी परत आली आहे, फक्त आता ऐकणारा एकटा असतो.

आता साधनांविषयी. १८६७ च्या कायद्यापासून छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करणे बंधनकारक होते, त्यामुळे काय छापले गेले हे शोधण्याला वाट आहे. पण जमा झालेली ती प्रत कोरी असते. काय वाचले गेले, कोणी, किती वेळा, कोणत्या पेठेत, हे फक्त वाचनालयाची मळकी प्रत सांगू शकते, आणि नेमकी तीच आपण फेकून दिली. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो वाईच्या एका वाड्यात सापडलेल्या कागदांवरून. ज्यांच्या घरी ते पडून होते त्यांच्या लेखी तीही एका अर्थी अडगळच होती.

तेव्हा यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर खाकी कव्हराचे, शेवटची पाने नसलेले एखादे पुस्तक हाती लागले, तर रद्दीवाल्याला देण्यापूर्वी तीन गोष्टींची छायाचित्रे काढा: वाचनालयाचा शिक्का, आत चिकटवलेली तारखांची चिठ्ठी आणि समासातील पेन्सिलीच्या खुणा. तारखांमध्ये एकेका दिवसाचेच अंतर दिसले, तर ते पुस्तक त्या पेठेत रात्रीतून रात्रीत फिरत होते असे समजा. शिक्क्यावरचा पत्ता पुसट असेल तर कागद उजेडासमोर तिरपा धरून पाहा. जुनी शाई पुष्कळदा तशीच वाचता येते. घरात कोणी सत्तरीपुढचे असेल, तर ते पुस्तक कोण आणत असे आणि दिवा कोण मालवत असे, हेही त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.